प्राचीन ग्रीसचं गाईड

गाईड या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग. वर्गात कुणाच्या बाकावर ते भडक कव्हरचं पुस्तक दिसलं की मी ते उचलून टेबलाच्या खणात टाकायचे आणि तास संपेपर्यंत द्यायचे नाही. "हे वाचून पास व्हाल हो, फक्त इतिहास शिकलो असं बाहेर कुणाला सांगू नका," असं वर ऐकवायचे. मुलं हसायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर घालून आणायची. अशी मी, आणि प्राचीन ग्रीसचं गाईड मीच लिहिलं. हौस म्हणून नाही. दुसरा इलाज राहिला नव्हता.

आमचं कॉलेज हडपसरच्या अंगाला. मी लागले तेव्हा आजूबाजूला कंपन्या होत्या, थोडी शेतं होती आणि बीएच्या वर्गात बसायला जागा मिळत नव्हती. जवळच्या मांजरी गावाकडची उसवाल्यांची मुलं, कंपनी कामगारांची मुलं, नोकरीच्या मागे विदर्भातून आलेल्या घरांतल्या मुली, सगळी माझ्यासमोर. शेवटच्या वर्षाला इतिहासात एक ऐच्छिक विषय होता, प्राचीन ग्रीस. पुण्याच्या या टोकाला मराठीतून ग्रीस शिकवणारी मी एकटीच होते, आणि त्याचा मला बऱ्यापैकी गर्व होता.

पहिल्या तासाला मी पुस्तक उघडायचेच नाही. फळ्यावर नकाशा काढायचे आणि म्हणायचे, कात्रजचा घाट चढताना दिसतात तसे उघडे डोंगर डोळ्यांसमोर आणा, आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्र आहे असं समजा. जमीन थोडी, दगड फार, शेळ्या भरपूर. एका डोंगराआड एक गाव, दुसऱ्या डोंगराआड दुसरं, आणि प्रत्येक गाव म्हणजे स्वतःपुरतं एक राज्य. त्यांची भाषा एक, देव एक, आणि तरी एकमेकांशी उभा दावा. हे ऐकून मागच्या बाकावरून एकजण म्हणाला होता, "म्याडम, आमच्यात अन् शेजारच्या गावात अजून तसंच हाय." मी म्हटलं, मग निम्मा अभ्यासक्रम तुला येतोच, उरलेल्यासाठी येत जा. तो वर्षभर आला.

पण माझा खरा जीव शेवटच्या धड्यात. अथेन्समध्ये एक म्हातारा होता, बाजारात हिंडून लोकांना प्रश्न विचारायचा. तुम्ही न्याय न्याय म्हणता तो म्हणजे काय, शहाणपण म्हणजे काय, असले. तरुण पोरांना हा बिघडवतो, देवांना मानत नाही, असा त्याच्यावर खटला झाला. न्याय द्यायला कुणी काळे कोटवाले नव्हते, गावातलीच शेकडो माणसं होती, शेतकरी, कुंभार, चांभार. त्यांनी बहुमताने त्याला मरणाची शिक्षा दिली. मित्रांनी तुरुंगातून पळवायची व्यवस्था केली होती, तर हा पळाला नाही. ज्या गावाचे कायदे आयुष्यभर मानले ते आता गैरसोयीचे झाले म्हणून कसे मोडू, असं म्हणून विषाचा पेला प्याला. परीक्षेत यावर दरवर्षी एक प्रश्न यायचा, त्याचं वागणं योग्य होतं का, तुमचे मत लिहा. आमच्या सबंध पदवीत मुलांचं मत विचारणारा हा एकच प्रश्न.

त्याच्यासाठी मी एक सबंध दिवस ठेवायचे. वर्ग म्हणजे न्यायसभा, ज्याला जे वाटेल ते बोलायचं, मी फक्त फळ्याजवळ उभी. काय बोलायची मुलं! मांजरीचा एक मुलगा म्हणाला, "गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. एकाला सूट दिली तर उद्या उसाच्या पाण्याची पाळी कोण पाळंल?" त्यावर एक मुलगी ताडकन उठली. तिच्या वडिलांची कंपनी तेव्हा नुकतीच बंद पडली होती. "आमच्या वडिलांनी सगळे नियम पाळले," ती म्हणाली, "घरी बसायचं ते बसलेच ना?" आणि एक जण, ज्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला होता, शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो नागरिक होता म्हणून त्याला कायदा आपला वाटला. गुलामाला वाटला असता का?" मी असा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. शेवटचा तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी घरी जाताना बसमध्ये स्वतःशीच बोलत होते, बाजूच्या बाई सरकून बसल्या.

मग संगणक आले. आधी एक खोली, मग दोन, मग आमच्या वर्गाच्या मधोमध प्लायवूडचा पडदा घालून निम्मा वर्ग त्यांच्याकडे गेला. तिकडे एसी बसला. संगणकांना उकडतं असं मला सांगण्यात आलं, इतिहासवाल्यांना उकडत नसावं. त्या खोलीत जाताना मुलं देवळात जावं तशी चपला बाहेर काढायची, आणि त्या चपलांचा ढीग माझ्या दारात पसरायचा. ढिगातून वाट काढत मी अथेन्सला जायचे. बाहेर शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. सकाळी संगणकाचा कोर्स, दुपारी इंग्रजी बोलायचा क्लास, मधल्या वेळात बीए, अशी मुलांची वेळापत्रकं झाली होती. त्यांना नोकऱ्या मिळत होत्या, आणि मिळायलाच हव्या होत्या, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. ग्रीस आम्हाला काय देणार, असं त्यांनी थेट विचारलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी विचारलंच नाही.

एका मे महिन्यात प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, विषय उत्तमच आहे," ते म्हणाले, "पण यंदा वीस मुलं झाली नाहीत तर मला तो बंद करावा लागेल. आपण मग संभाषणकौशल्य घ्या. तुमचं बोलणं चांगलं आहे." बोलणं चांगलं आहे म्हणून मला बोलायला शिकवण्याची शिक्षा! प्रवेशाच्या दिवसांत मी स्वतः टेबलाशी बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ग्रीसबद्दल सांगायचे. मुलं अदबीने ऐकायची, आणि शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न यायचा. "मॅडम, गाईड मिळतं का याचं?" नाही म्हटलं की फॉर्मवर शेजारच्या विषयापुढे खूण व्हायची. काठावर काठावर करत त्या जूनला वीस नावं कशीबशी भरली. पुढचं वर्ष निभणार नाही हे दिसत होतं.

मग मी अप्पा बळवंत चौकात गेले. एका प्रकाशकाच्या दुकानात विचारलं, प्राचीन ग्रीसचं मराठी गाईड आहे का. "नाही," मान वर न करता उत्तर आलं. येणार आहे का? "आहे असं म्हटलं का मी?" मी म्हटलं, कुणी लिहून दिलं तर छापाल का. आता त्यांनी मान वर केली आणि चष्म्यातून मला नीट पाहिलं. "लिहिणार कोण?" मी, असं म्हणताना माझा आवाज इतका खाली गेला की मला ते दोनदा सांगावं लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते लिहिलं. नुसतं लिहिलं असं नाही, जीव ओतून लिहिलं. वाईट गाईडांनी मुलांचं वाटोळं केलं, मी चांगलं लिहीन, मग मुलं गाईडामागून का होईना ग्रीसपर्यंत येतील, अशी माझी मी समजूत घातली होती. प्रकाशक मधूनमधून पानं परत पाठवायचे. वाक्यं तोडा, मुद्दे पाडा, मुद्द्यांना आकडे द्या. मी तोडली, पाडले, दिले. कव्हरवर माझं नाव नको, ही माझी अट त्यांना फारच आवडली. 'अनुभवी प्राध्यापकांचे मंडळ' असं छापायचं ठरलं. मंडळ म्हणजे मी एकटी.

भांडण झालं ते शेवटच्या प्रश्नावरून. तिथे मी फक्त एवढंच लिहिलं होतं, की याचं उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करून लिहावं. प्रकाशकांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, अहो, इथे उत्तर राहिलंय."

"ते राहिलेलं नाही. त्यात मत विचारलंय."

"मग मत द्या."

"त्यांचं मत मी कसं देणार?"

"रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक पुस्तक खाली ठेवतं," ते म्हणाले. "बाकी तुमची मर्जी. छापलंच पाहिजे असं नाही."

मी घरी आले आणि लिहिलं. 'माझ्या मते' अशी सुरुवात केली आणि मला जे खरंखुरं वाटत होतं ते लिहिलं. की त्याने पळून न जाणं योग्यच होतं. कारण तो पळाला असता तर त्याने विचारलेले सगळे प्रश्न त्याच्याबरोबर पळाले असते. लबाडीचा म्हणून एक शब्द त्यात नव्हता. माझ्या सबंध आयुष्यात मी इतकं चांगलं पान दुसरं लिहिलेलं नाही, हे आजही सांगते.

पुढच्या जूनमध्ये विषयाला रांग लागली. वीस कसले, बाकं कमी पडतील इतकी नावं आली. इतर कॉलेजांनीही ग्रीस सुरू केलं. प्राचार्यांनी मला चहा पाजला आणि संभाषणकौशल्याचा विषय परत काढला नाही. पहिल्या तासाला मी नवा खडू घेऊन चपलांच्या ढिगातून आत गेले तर वर्गात दोन मुली आणि एक मुलगा. वाटलं, सुरुवात आहे, येतील. आठवडाभराने तीही एकेक करून कमी झाली. वाटेत भेटलेल्या एकाला मी अडवलं, की बाबा रे, विषय घेतलास आणि येत नाहीस. त्याने फार मनापासून सांगितलं, "मॅडम, ते गाईड तुमचंच आहे ना? भाषेवरून लगेच कळतं. एकदम भारी लिहिलंय. आता लेक्चरला येऊन वेगळं काय करायचं?" तो माझं कौतुक करत होता.

तरी न्यायसभेचा दिवस मी ठेवला. नोटीस लावली. तिघीजणी आल्या. मी सगळी कथा सांगितली, विषाच्या पेल्यापर्यंत आणली आणि विचारलं, बोला, बरोबर केलं त्याने की चूक? तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी एक म्हणाली, "मॅडम, हे शेवटच्या पानावर आहे. पाठ केलंय आम्ही."

"मी तुझं मत विचारतेय."

"हो मॅडम, तेच. मताचंच पाठ केलंय."

पलीकडच्या खोलीतला एसी घरघरत होता. मी त्यांना सोडून दिलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन, दार लोटून, चांगली रडले. विषय वाचला होता. कागदावर तो इतका धडधाकट पूर्वी कधीच नव्हता. वर्गात मात्र मी त्याला स्वतःच्या हाताने मूठमाती दिली होती, आणि ही गोष्ट सांगायची कुणाला? ज्याला सांगावी तो म्हणणार, विद्यार्थी वाढले ना मग.

उन्हाळ्यात पेपर तपासायला विद्यापीठाच्या केंद्रावर जावं लागे. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, बशीत बिस्किटं, आणि नावं झाकलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. त्या वर्षी ग्रीसचे गठ्ठे जिल्हाभरातून आले होते. मी पहिली उत्तरपत्रिका उघडली तर शेवटचा प्रश्न 'माझ्या मते' असा सुरू झालेला, आणि पुढे माझं पान, शब्द न् शब्द. दुसरीत तेच. दहावीतही तेच. अक्षरं वेगवेगळी, कुणाचं गिचमिड, कुणाचं मोत्यासारखं, कुणी वेलांट्या विसरलेला, आणि सगळ्यांचं मत माझं. म्हातारा पळाला असता तर त्याचे प्रश्नही पळाले असते, असं बारामतीपासून जुन्नरपर्यंत सगळ्यांना वाटत होतं. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, यंदा मुलांनी चांगली तयारी केलेली दिसते. मी हो म्हटलं आणि गुण देत राहिले. उत्तर बरोबर होतं, कमी कसे करणार?

शेवटच्या गठ्ठ्यातल्या एका उत्तरपत्रिकेत त्या प्रश्नाखाली खाडाखोड दिसली. कोण, कुठली, मुलगा की मुलगी, कळायची सोय नव्हती. दीड ओळ लिहून मग पट्टी धरून खोडलेली. उजेडाकडे धरल्यावर ती वाचता आली. 'माझ्या मते हे आधी त्याच्या बायकोला विचारायला पाहिजे होते, तीन मुले तिला वाढवायची होती, म्हणून' इथपर्यंत येऊन थांबली होती. त्याखाली, एक ओळ मोकळी सोडून, नव्याने 'माझ्या मते' आणि माझं सबंध पान, एकही चूक न करता.

मी ते खोडलेलं पुन्हापुन्हा वाचलं. म्हणून काय, हे मला हवं होतं. हॉलमध्ये पंखे फिरत होते, शिपाई गठ्ठे गोळा करत माझ्या टेबलापर्यंत आला होता. खोडलेल्या मजकुराला गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे. मी खालच्या उत्तराला पूर्ण गुण दिले आणि उत्तरपत्रिका मिटली.