होडी येईपर्यंत गप्प

आमच्या घरात एक रीत आहे. ती आमचीच की भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या घरांची, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. घरातलं माणूस पाण्यात बुडताना स्वप्नात दिसलं, तर ते माणूस परत येईपर्यंत स्वप्न पाहणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बोललं की ते खरं होतं, असं म्हणतात.

वडील पहाटे होडी घेऊन जायचे. कधी कधी सकाळी उठून बघावं तर आई गप्प. चहा पुढे सरकवायची, बाकी सगळं हातवाऱ्यांनी. मग शेजारची काकी पायरीवरूनच ओरडायची, "काय गो, आज परत बुडवलंस वाटतं घोवाला?" आई तिच्यावर झाडू उगारायची. दुपारी वडील मासळीची टोपली घेऊन दारात आले की आईचं तोंड उघडायचं, आणि पहिलं वाक्य बहुधा भांडणाचंच असायचं.

बारावीनंतर मी होडीवर जाणं सोडलं आणि पूल ओलांडून रत्नागिरीच्या कॉलेजात जाऊ लागलो. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्याच पावसाळ्यात आईचं गप्प राहणं वाढलं. होडी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकलेली, वडील पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेले, तरी मी निघेपर्यंत आई एक शब्द बोलायची नाही. वडील तर समोर होते, मग ही कुणासाठी गप्प आहे, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, मी होडी सोडली याचा तिला राग आलाय. विचारायचा धीर झाला नाही. हळूहळू मीही कमी बोलू लागलो.

एकदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी स्वप्नांविषयी सांगितलं. स्वप्नात बुडणं म्हणजे पाण्याची भीती असेलच असं नाही. आवाक्याबाहेरचं काही अंगावर आलं की मन ते पाण्याच्या रूपात दाखवतं. जुनं आयुष्य सुटत असल्याचीही कधी ती खूण असते. मला वर्गात पहिल्यांदाच घरातलं काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. आईची भीती आता आपण दूर करू, अशा भाबड्या उत्साहात मी घरी आलो.

"आई, तुला बुडायची स्वप्नं पडतात ना, त्यातलं पाणी म्हणजे खरं पाणी नसतं."

"मग काय असता? पेज?"

वडील हातातलं जाळं सोडून हसले.

"तसं नाही," मी अडखळलो. "मनावरचं ओझं असतं. बाबांची काळजी वगैरे."

"ह्याची कसली काळजी? हा समुद्रालाही नकोसा झालाय." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हल्ली सपनात हा नसतोच. तू असतोस."

तिच्या स्वप्नात खोल पाण्यात मी, अंगात मुंबईच्या मामाने आणलेला टेरिकॉटचा शर्ट. मी ओरडून काहीतरी सांगतोय. तिला आवाज येतो, पण काय म्हणतोय ते कळत नाही.

"पण मी रोज संध्याकाळी परत येतो ना?"

"येतोस. हा आला की जाळं कुठं टाकलं, काय गावला, कोणाशी भांडला, सगळा सांगतो. मग मला वाटता, आला. तू येतोस नि पुस्तकात तोंड घालतोस. तू आलास हे मी कशावरून समजू?"

मी त्याच क्षणी सांगायला सुरुवात केली. "आज चार तास झाले. मग लायब्ररीत बसलो." इंग्रजीच्या तासाला मला काही कळत नाही, माझ्या बोलण्यातला हेल ऐकून मागच्या बाकावरची मुलं हसतात, डबा मी एकट्याने खातो, हे सगळं जिभेवर होतं. पण ज्या कॉलेजसाठी घरच्या होडीवरची एक जागा रिकामी ठेवली, तिथलं हे कसं सांगायचं?

"हां," आई म्हणाली, आणि भात बघायला आत गेली.

सरांचा अर्थ चुकीचा नव्हता, असं मला आजही वाटतं. माझ्या बाबतीत तर तो अगदी बरोबर होता. तो तिला सांगताना मी स्वतःकडे बघितलं नाही, इतकंच.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात राहतो. रोजचं परत येणं संपलं. सुट्टीत घरी गेलो की चपला काढता काढताच बोलू लागतो. आंबा घाटात गाडी किती वेळ थांबली, मेसची आमटी कशी पातळ असते. परवाही असाच सांगत होतो. आई सुकट निवडत होती. मध्येच हात थांबवून तिने विचारलं, "बरा आहेस ना रे तिथं?"

"बरा आहे," मी म्हटलं, आणि लगेच पुन्हा मेसच्या आमटीवर आलो. ती पुन्हा सुकट निवडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघेपर्यंत ती काही बोलली नाही.