ठिगळ दिसलं पाहिजे

सुरुची तावडेने नोकरी सोडली तेव्हा तिच्या डोक्यात कपड्यांचा एक ब्रँड होता. नाव 'पुन्हा'. जुन्या, फाटक्या कापडातून नवे कपडे शिवायचे. नायगावच्या टॉवरमधल्या तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली होती, जिला बिल्डरने माहितीपत्रकात 'स्टडी' म्हटलं होतं आणि जिच्यात खुर्ची आत घेतली की दार लागत नसे. ब्रँड तिथून चालणार होता.

अकरा वर्षं एका एक्स्पोर्ट कंपनीत तिने परदेशी दुकानांसाठी शर्ट तयार करून दिले होते. त्यात किती कापड फुकट जातं हे रोज पाहिलं होतं. आता ते पाप फेडायचं, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

"किती दिवसांत फिटेल?" परेशने विचारलं. तो विमा कंपनीत होता. कुठल्याही गोष्टीची मुदत विचारायची त्याला सवय होती.

सुरुचीने वर्ष मागून घेतलं. मार्चअखेरीस एकतरी दुकान माल घेत नसेल, तर 'पुन्हा' बंद आणि जुन्या साहेबांना फोन, असं ठरलं.

जुने कपडे तरी सहज मिळतील, अशी तिची समजूत होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने पृथ्वी, पाणी आणि पुढच्या पिढ्या यांच्यावर तीन परिच्छेद लिहिले. खाली एकच उत्तर आलं: "डबा केवढा देणार?" दर मंगळवारी भांडीवाली यायची, जुन्या साड्या घेऊन स्टीलचा डबा द्यायची, आणि तिने पुढच्या पिढ्यांचा विषय कधी काढला नव्हता. शेवटी सुरुचीनेही डबे आणले. मग साड्या आल्या, चादरी आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराकाकूंनी साडी हातातून सोडण्याआधी डब्याचं झाकण तीनदा लावून पाहिलं.

विकताना दुसराच प्रश्न. वसईच्या एका प्रदर्शनात बायका जॅकेट अंगात घालायच्या, आरशासमोर दोन्हीकडून वळायच्या आणि हळूच विचारायच्या, "कापड कोणाचं होतं गं? गेलेल्या माणसाचं नाही ना?" सुरुची शपथेवर नाही म्हणायची. बायका मान डोलवायच्या आणि जॅकेट काढून ठेवायच्या.

फेब्रुवारीत मात्र वांद्र्याच्या एका दुकानाची मालकीण, ऋतिका, हिने सुरुचीने स्वतः शिवलेलं एक जॅकेट पाहिलं. विटकी चादर, भोकांवर निळ्या साडीची ठिगळं, त्यांच्या कडेने पांढरा धावदोरा, तोही शिवणाऱ्याच्या मनाला येईल तिकडे गेलेला.

"ही ठिगळंच तर स्टोरी आहे!" ऋतिका म्हणाली. "सेम अशी तीस दे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लावते."

तीस जॅकेटं एकटीच्याने होणार नव्हती. जवळच्या निर्मळ गावात मॅग्डलीन आंटी होत्या. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाचे गाऊन आणि मुलींचे चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनचे फ्रॉक शिवले होते, आणि त्यांची टीप वाकडी गेल्याचं पंचक्रोशीत कोणी सांगितलं नसतं. सुरुचीने कापडं नेऊन दिली, नमुन्याचं जॅकेट दिलं, "अगदी असंच" म्हणून सांगितलं. आंटींनी नमुना उलटसुलट केला, सुरुचीकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाल्या, "समजलं मला, पोरी. काळजी करू नको."

ठरल्या दिवशी, सोमवारी, तीस जॅकेटं इस्त्री करून तयार होती. सुरुचीने पहिलं उलगडलं. मग दुसरं. मग घाईघाईने आणखी आठ.

"आंटी, ठिगळं कुठायत?"

"कशाला हवीत? सगळी भोकं रफू केली. त्याच कापडाचे दोरे काढून, विणीत वीण घालून. चष्म्याचा नंबर वाढला माझा."

"पण मी नमुना दिला होता ना!"

"पाहिला ना तो." आंटींनी आवाज उतरवला. शेजारी ऐकू जाऊ नये अशी गोष्ट होती. "तू अजून शिकतेस. सगळ्यांचं पहिलं काम तसंच होतं. म्हणून तर माझ्याकडे आलीस ना?"

सुरुचीने तिथूनच ऋतिकाला फोटो पाठवले. दोन मिनिटांत फोन आला.

"हे तर नवीन कापड आहे!"

"जुनंच आहे. रफू केलंय."

"अगं, पण दिसत नाहीये ना! कस्टमरला मी काय दाखवू? शुक्रवारी डिस्प्ले आहे. गुरुवारपर्यंत ठिगळं हवीत, नाहीतर सॉरी यार."

दुसऱ्या दिवशी सुरुची उसवणी घेऊन बसली. रफू उसवायचं, भोक मोकळं करायचं, वर ठिगळ लावायचं. योजना सोपी होती. तिने एक जॅकेट खिडकीशी धरलं, मग ट्यूबलाइटखाली धरलं, मग मोबाइलचा टॉर्च मागून लावला. भोक सापडेना. भोकं तिने स्वतः मोजून दिली होती. तीस जॅकेटांत मिळून एकही सापडेना. दुपारी तिने आंटींना फोन लावला.

"आंटी, निळ्या चादरीचं भोक कुठे होतं?"

"आता नाहीये ते."

"माहितीय. पण होतं कुठे?"

"कशाला?"

सुरुचीने सांगून टाकलं.

"म्हणजे शहाणीसुरती बाई पैसे देऊन फाटकं घालणार."

"हो."

"आणि मी नीट शिवलं म्हणून तुझं दुकान बंद होणार."

"आंटी, प्लीज. तुम्हीच लावून द्या ना ठिगळं."

"माझ्या हातून वाकडं होणार नाही. करून पाहिलं तरी सरळच जाईल." मग जरा थांबून, रागातच: "फाडणारच असशील तर खिशाच्या वर, उभ्या दोऱ्यात फाड. आडवं फाडलंस तर पहिल्या धुण्यात समोरचा सगळा पुढा जाईल. आणि आतून दुसरं कापड लाव, ऐकतेस ना?"

फोन बंद झाला.

सुरुचीने पापाचा विचार केला, तारखेचा केला, आणि धडधाकट जॅकेटात खिशाच्या वर, उभ्या दोऱ्यात कात्री घातली. ठिगळ लावलं. नमुन्याची जादू वाकड्या टाक्यात होती, म्हणून मुद्दाम वाकडे टाके घातले. ते खोटे दिसले, म्हणून उसवले. मग ती नीट शिवायला लागली, जितकं नीट जमेल तितकं. टाके आपसूक वाकडे गेले. ऋतिकाला फोटो गेला.

"परफेक्ट!" ऋतिकाने लिहिलं. "सगळी अशीच. आणि पुढच्या महिन्यात साठ दे."

परेशने संध्याकाळी दारातून पाहिलं. खुर्ची आत होती, म्हणून दार उघडंच होतं.

"जमलं म्हणायचं मग?"

"जमलं," सुरुची म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला. "एकोणतीस फाडायची राहिलीत."