नऊ चौरस मीटर उन्हासाठी पेण ते रोहा

सोसायटीने गच्चीवर सोलर लावायचं ठरवलं आणि विरोधात एकटा मी. ठाण्यातल्या त्या गच्चीवर माझ्या बेचाळीस कुंड्या आहेत. मिरच्या, वांगी, टोमॅटो. येत्या सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांची तोंडं बंद करायला मी थेट देशाचा हिशेब तयार केला. एक चौरस मीटर पॅनेल वर्षाला ढोबळमानाने दीडशे युनिट देतं. अख्ख्या देशाच्या विजेला किती पॅनेल लागेल? साधारण पावणेदोन रायगड जिल्हे! माणशी जेमतेम नऊ चौरस मीटर. "कोकणात एवढी जागा मोकळी पडलीय, आमच्याच गच्चीवर डोळा का?" हे भाषण मी आधी बायकोला, मेधाला, ऐकवलं.

मेधा म्हणाली, "मग तुझ्या वाटणीचे नऊ मीटर तिथे शोधून दाखव. सापडले तर माझं मत तुला. नाहीतर कुंड्या खाली."

शनिवारी सकाळी सहाला तीन बाय तीन मीटरची ताडपत्री बाइकला बांधून आम्ही दोघं निघालो. फेब्रुवारी संपत आला होता. जाणार असाल तर टोपी आणि दोन लिटर पाणी न्याच, नऊनंतर ऊन चटके देतं.

पेणहून खाडीकडे वळलो तर समोर मिठागरं. सपाट, ना झाड ना सावली. मी मनात जिंकलोच होतो. ताडपत्री उलगडतोय तोच बांधावरून एक काका धावत आले.

"ओ, आथरू नका! ऊन अडलं तर मीठ कसं धरंल?"

"तीनच मीटर, काका."

"मंग तीन मीटरचं मीठ नाय धरणार," काका म्हणाले आणि कामाला लागले.

वडखळला वडापाव आणि चहा, दोघांचे ऐंशी रुपये. नागोठण्यापर्यंत ट्रकांमागे धूळ खाल्ली, मग रोह्याकडे वळल्यावर रस्ता जरा माणसात आला. धाटावला कंपन्यांची लांबलचक छपरं रिकामी दिसली. गेटवरचा वॉचमन ताडपत्रीकडे बघून म्हणाला, "शिफ्टवाला हाय काय? नाय ना? मंग निघा."

शेवटी अष्टमीच्या पुढे, एका गावात, शेताकडेला सारवलेलं खळं दिसलं. चक्क मोकळं! ताडपत्री अंथरली, फोटो काढला आणि विजयी चेहऱ्याने अष्टमीत जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर ताडपत्रीवर कडेपर्यंत वालाच्या शेंगा, आणि शेजारी एक आजी बसलेली.

"ताडपत्री तुमची होय? झ्याक हाय. शेंगा कडकडीत वाळल्या की न्या."

मी त्यांना देशाचा हिशेब समजावला. पावणेदोन रायगड, माणशी नऊ मीटर, सगळं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि मेधाला विचारलं, "गो बाय, याच्या घरी ऊन नाय पडत काय?"

"पडतं ना," मेधा म्हणाली. "पण तिथे याची झाडं आहेत."

"मंग हे काय हाय?" आजींनी मूठभर शेंगा माझ्यापुढे धरल्या.

मेधा पोट धरून हसली. मला मात्र खरंच लाज वाटली. उन्हं उतरेपर्यंत मी खळ्यावर बसून शेंगा वर-खाली करत राहिलो.

सोमवारी मीटिंगमध्ये सोलरसाठी पहिला हात मी वर केला. सेक्रेटरींना आधी वाटलं, मी बोलायची परवानगी मागतोय. चौदा कुंड्या खिडक्यांत मावल्या, बाकीच्या लिफ्टसमोर ठेवून शेजाऱ्यांना वाटल्या. टोमॅटो नुकते फुलावर आले होते, देताना जीव तुटला. आता रोज सकाळी तांब्या घेऊन चार मजले फिरतो आणि लोकांच्या दारांच्या बेल वाजवून विचारतो, "पाणी घातलं का?"