ढालीचा नियम

मुलांनो, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, खेळाच्या नियमांची नवी पुस्तकं आलीत, तुझ्याकडची आमची जुनी रद्दीत दे." मला राग का आला ते ऐका.

इथे तमिळ मुलखात, आमच्या वेलचेरीच्या इमारतीत खालच्या हॉलमध्ये दर शनिवारी तुमचाच तो सोंगट्या-फाशांचा राक्षस-योद्ध्यांचा खेळ चालतो. मी बाजूला बसून बघते. तिथे एक बाई यायची, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याच्या गणवेशात, कंपनीच्या बसमधून उतरून थेट. नाव मी कधी विचारलं नाही. तिचा योद्धा फारसे वार करायचा नाही. शेजारच्या खेळाडूच्या जखमी जादूगारावर राक्षस धावला, की ती आपली ढालवाली सोंगटी पुढे सरकवायची, टेबलावर तळहात आडवा धरायची आणि म्हणायची, "अडि एनक्कु." म्हणजे, हा वार मला.

गेल्या महिन्यात खेळ चालवणारा पोरगा म्हणाला, "अक्का, नव्या पुस्तकातल्या नियमांत दुसऱ्याचा वार घेता येत नाही. लढाई रेंगाळते. तुम्हीपण मारा की, तलवारीचे किती नवे डाव दिलेत बघा."

"मारायला सगळेच आहेत, तंबी," ती धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली. "मधे कोण उभं राहणार?"

बाकीचे नवं पुस्तक चाळू लागले. तिने इतक्यांदा वाचवलेला तो जादूगारवालाही फासे खुळखुळवत बसला. तिने सोंगटी पर्समध्ये टाकली आणि गेली. परत आली नाही.

नियम बदलू नयेत असं मी म्हणत नाही. पण लढाई लवकर संपावी म्हणून आडवं येणाऱ्यालाच काढायचं, याचा मला अजून संताप होतो. तुमची पुस्तकं मी रद्दीत देणार नाही. ढालीचा नियम त्यांत अजून आहे.