ठरलेल्या कुस्तीचा आखाडा

नागपूरच्या विमानतळावर बाबा काचेच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "भांडे घास, झाडू मार, पण लबाडीचं खाऊ नको." मी हॉटेलचं शिक्षण घ्यायला मेलबर्नला निघालो होतो. आईने भिवापुरी तिखट बॅगेत कोंबलं होतं. तिकडच्या कस्टमवाल्या बाईने ते हुंगलं आणि शिंकत शिंकतच मला देशात घेतलं.

बाबा भिवापूरचे जुने पहिलवान. गुडघा गेल्यावर तालमीची माती सांभाळू लागले. ती खणायची, खडे वेचायचे, वरून तेल, हळद, ताक. टीव्हीवर बेल्टसाठी भांडणारे परदेशी पहिलवान मी पाहू लागलो की ते बटणच बंद करत. "जीत पहिलेच ठरून राहते, अन् तू टाळ्या पिटून राहिला! काहून गा?"

नशीब पाहा, शिकताना मला शनिवार-रविवारचं काम मिळालं ते नेमकं त्याच कुस्त्यांचं रिंग उभारायचं. लोखंडी तुळया, त्यांवर फळ्या, मग फोम, मग कॅनव्हास. पहिल्या दिवशी मी बूट खाली काढून अनवाणी चढलो, कॅनव्हासला हात लावून कपाळाला लावला. सुपरवायझर बाई ओरडल्या, सेफ्टी बूट घाल, नाहीतर घरी जा. बूट घालून आखाड्यात उभं राहायला मला फार जड गेलं.

पुढे तीच पक्की नोकरी झाली. घरी सांगितलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. लबाडीचा एवढा तिटकारा असलेला माणूस गावभर मात्र सांगत फिरायचा की पोरगा हॉटेलात मॅनेजर आहे! त्याचं हसू यायचं आणि रडूही. चार वर्षं अशीच गेली.

यंदा वर्षातला सगळ्यात मोठा शो मेलबर्नला झाला. एकामागून एक चॅम्पियनशिपच्या मॅचेस, स्टेडियम खचाखच. आमच्याकडे संध्याकाळ, नागपुरात दुपार. धरमपेठेतल्या माझ्या ताईने बाबांना जेवायला बोलावलं आणि हात धुऊन होताच टीव्हीवर शो लावला. ते उठून गेले नाहीत, हेच तिला नवल वाटलं.

बायकांच्या मॅचमध्ये चॅम्पियन पोरगी रिंगच्या वरच्या दोरावरून थेट पाठीवर आदळली. तिने बेल्ट राखला, आणि पाचच मिनिटांत माझा फोन वाजला.

"त्या पोरीले लागलं काय गा?" बाबांचा आवाज.

"नाही बाबा. आत्ता माझ्यासमोरून चालत गेली."

"फळ्या तूच बसवल्या काय?"

"हो."

"मले वाटे, जीत ठरली तं पडणंही खोटंच असन. पण पाठ तं खरीच आदळून राहिली." मग हळूच, "टीव्हीतून दिसते त्या डाव्या कोपऱ्यात आवाज पोकळ येते. पाहून घे."

शेवटच्या मॅचला अजून वेळ होता. मी रिंगखाली शिरलो. त्या कोपऱ्यातला एक बोल्ट खरंच सैल झाला होता. तो आवळताना माझे डोळे भरून आले आणि खाली कोणी नव्हतं, म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

गाव सोडून लांब गेलेल्यांना लोक विचारतात, आता घर कोणतं? आता प्रत्येक शोच्या आधी मी बाबांना फोन लावतो, तो रिंगच्या मधोमध ठेवतो आणि चारही कोपऱ्यांत उड्या मारतो. दहा हजार किलोमीटरवरून ते कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "हं, फळ्या बसल्या." मग मी घरीच असतो.