आईचा आखडलेला खांदा आणि विमावाल्यांचा व्हिडिओ कॉल

परवा सकाळी आमच्या पुसदच्या घरात विमा कंपनी अवतरली... म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनवर!

झालं असं की आईचा उजवा खांदा दिवाळीपासून आखडलाय. हात छातीच्या वर जाईना. तिचा अंबाडा मी घालून देते, आणि माझ्या हातचा अंबाडा म्हणजे तिच्या मते कावळ्याचं घरटं.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायामाआधी रोज शेक घ्यायला सांगितला, म्हणून तो लाल उजेडाचा इन्फ्रारेड दिवा भाड्यानं आणला. माझ्या पॉलिसीत आईचं नाव आहे, घरच्या उपचाराचा खर्चही बसतो. पण पेशंट स्वतः दिवा वापरतोय आणि त्यानं फरक पडतोय, हे व्हिडिओ कॉलवर दाखवायचं... नाही पटलं तर क्लेम बाद आणि दिवा परत.

खरं सांगू? शेक म्हटलं की मला महागावजवळचं आमचं गावच आठवतं. वेचणीचे दिवस... दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया कंबर धरत आमच्या चुलीपाशी यायच्या. आई तव्यावर निरगुडीचा पाला तापवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायची आणि एकेकीची पाठ शेकायची.

मी तिच्या मांडीला टेकून बसायची. तो कडवट वास, त्या बायांचं खिदळणं... आजही आठवलं की जीव तिकडे ओढतो. आईचा नंबर सगळ्यात शेवटी, तोवर चूल विझलेली असायची.

तर, कॉल लागला. विमा कंपनीच्या मॅडम बोलायला गोड होत्या. म्हणाल्या, "काकू, रोजच्यासारखा शेक घेऊन दाखवा." मी मोबाइल वळवला आणि बघते तर काय... दिव्यासमोर शेजारच्या शांताकाकूंचा गुडघा!

काकू सहज डोकावल्या होत्या आणि आईनं त्यांना थेट खुर्चीत बसवलं होतं. वर आग्रह चालू, "तुहा टोंगळा घे वो आंधी, मी मंग शेकीन."

मॅडमचा आवाज एकदम बदलला. "या तर दुसऱ्याच कोणी आहेत. दिवा रोज वापरतं कोण?"

अगं, आता तरी सांभाळून बोल! पण नाही. "सारेच वापरते," आई म्हणाली. "घरी आलेल्या बाईले तशीच बसवून मी एकटीच शेकू काय? बरं दिसते काय ते?"

गेला दिवा, गेला खांदा! मॅडम म्हणाल्या, "थांबा, सरांना विचारते." शांताकाकू बिचाऱ्या ओशाळून उठल्या. आई पदर मागे सारून, खांदा दिव्याकडे करून बसली... आणि तेवढ्यात स्क्रीनवर एक टक्कल आलं. साहेब!

परका माणूस बघून आईनं झटकन पदर डोक्यावर घेतला.

उजव्या हातानं!

हात थेट डोक्यापर्यंत... मी बघतच राहिले. शांताकाकू ओरडल्या, "अवं माय, तुहा हात!"

साहेब गोंधळले. "यांचा खांदा कोणता?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तोच. आत्ता वर गेला तो."

साहेब हसले हो! फरक डोळ्यांनी दिसला म्हणाले, क्लेम मंजूर... पण दिवा फक्त पेशंटनंच वापरायचा, अशी ताकीद देऊन. आईनं मान डोलावली. तिची मान काय, ती सगळ्यांपुढेच डोलते.

फोन बंद झाला आणि मला रडूच फुटलं. किती महिन्यांनी बघितला तो हात वर गेलेला! म्हटलं, "आई, कर ना गं परत एकदा."

तर ती माझ्याकडे बघून म्हणते, "काहून? कोन आलं?"

आयुष्यभर अशीच आहे ही बाई... स्वतःसाठी जागची हलायची नाही, दारात कोणी दिसलं की उठायची. देवा, आमच्या दारात माणसं येत राहू दे.