बाबांच्या अंगठ्यावरचा व्रण

माझे वडील विठ्ठल नऊ वर्षांचे होईपर्यंत आपल्या आज्याबरोबर गावातली मेलेली जनावरं सोलायला जात. मग अख्ख्या वस्तीने दीक्षा घेतली आणि ते काम कायमचं टाकलं. बाबा शिकले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाले, मला इंजिनियर केलं. आमचं आडनाव ऐकलं की लोक जात ओळखत. बाबांनी ते कधी बदललं नाही. मी मात्र कॉलेजात असताना रीतसर गॅझेटमध्ये छापून टाकळीकर झालो. बाबा एवढंच म्हणाले, "तुला सोपं जाणार असेल तर कर."

२०१५च्या उन्हाळ्यात ते जर्मनीत नेकारसुल्मला आमच्याकडे आले होते. एका रविवारी कारखान्यातला माझा इंग्रज सहकारी स्किनर जेवायला आला. येताना त्याने आपल्या आडनावाचा नकाशा आणला. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात कुठे कुठे स्किनर राहत, त्याचे लाल ठिपके. माझ्या मुलीला, उत्कर्षाला कळावं म्हणून आम्ही जर्मनमध्येच बोलत होतो.

"आमचे पूर्वज कातडी सोलायचे," स्किनर हसत म्हणाला आणि टेबलावरची सुरी उचलून त्याने हवेत सोलून दाखवलं. "गल्लीभर वास सुटत असेल! तुमचं आडनाव कुठलं?"

"टाकळी गावचं. जमीनदार होतो आम्ही," मी ठोकून दिलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती, तरीही.

बाबांना जर्मन कळत नव्हतं, पण हाताची ती हालचाल त्यांनी बरोबर ओळखली. ते खुलले. स्किनरच्या हातातून सुरी घेऊन म्हणाले, "अशी नाही, आडवी धरायची. नाहीतर हे असं होतं." त्यांनी अंगठ्यावरचा जुना व्रण पुढे केला. "सांग त्याला धम्मपाल, मीही सोललीत म्हणावं. माझ्या आज्याने शिकवलं."

स्किनर माझ्याकडे बघत थांबला.

"बाबा म्हणतात, लहानपणी ते शिकारीला जायचे," मी म्हणालो.

"दास हाट ओपा निश्ट गेझाग्ट," उत्कर्षा म्हणाली. आजोबा असं म्हणालेच नाहीत. नऊ वर्षांची पोर, मराठी बोलत नाही, पण कळतं सगळं.

स्किनरने मान खाली घातली. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. बाबांनी आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. सुरी ताटाशेजारी ठेवली, अंगठा मुठीत घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुला सोपं जाईल तसं सांग."